बिनपाण्याची हजामत

दोर मी धरला होता. हे आधीच सांगून टाकते. नाहीतर पुढचं सगळं वाचून कुणाला वाटायचं, ही बाई कुंपणावर बसून दुसऱ्यांना शहाणपण शिकवतेय.

ऑक्टोबरमधला शनिवार. लीड्सच्या बाहेर, आमच्या घरापासून गाडीने वीस मिनिटांवर घोड्यांचं एक यार्ड आहे. यार्ड म्हणजे आपली पागाच, फक्त चिखल जास्त. तिथे बार्नी राहतो. बार्नी आमचा नाही. आठवड्यातले दोन दिवस तो आमच्या लेकीच्या वाट्याला येतो आणि त्याबद्दल आम्ही दरमहा पैसे मोजतो. (नवरा याला 'पाव घोड्याचा पूर्ण हप्ता' म्हणतो.) जातीचा म्हणाल तर कॉब. कॉब ही तशी जात नव्हे, ठेवण आहे: आखूड पाय, रुंद पाठ, जाड मान, आणि स्वभावाने आपल्या टांग्याच्या घोड्यासारखा सोशिक. रंगाने काळापांढरा, अबलख. चारी पाय आणि तोंडावरचा पट्टा पांढरा, त्यामुळे शहाद्याच्या मामांनी फोटो बघून लगेच निकाल दिला होता की हा पंचकल्याणी, याला सोडू नका.

पण बार्नीची खरी ओळख त्याचे पाय. गुडघ्याच्या मागून केस सुरू होतात, खाली येता येता दाट होत जातात आणि शेवटी असे पसरतात की खूर दिसतच नाही. इथे त्या केसांना 'फेदर' म्हणतात, म्हणजे पिसं. धावायला लागला की चारी पायांची पिसं मागे उडतात. सत्तरच्या दशकातल्या हिंदी हिरोने बेलबॉटम घालून पळावं तसं काहीतरी. लेकीला दोन वर्षांपूर्वी यार्डमधल्या वीस-बावीस घोड्यांतून हाच का आवडला, तर या बेलबॉटममुळे.

तर त्या शनिवारी यार्डच्या मालकीणबाई क्लिपर घेऊन आल्या. नोव्हेंबरमध्ये जवळच एक छोटा शो होता, बंदिस्त मैदानातला. लेक बार्नीला घेऊन त्यात उतरणार होती. बाई म्हणाल्या, पाय साफ करून टाकू, 'स्मार्ट' दिसेल. मी हो म्हटलं. लेक गप्प होती. ती गप्प आहे हे मला दिसलं होतं आणि तरीही मी दोर हातात घेतला.

ज्यांनी हे कधी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. घोड्याची हजामत ही अक्षरशः बिनपाण्याची असते. पाय कोरडा ठणठणीत आणि स्वच्छ लागतो, नाहीतर पात्यात माती अडकते आणि पातं केस कापायच्या ऐवजी ओढतं. आधी मोठे झुपके कात्रीने उडवायचे, मग कंगव्यावर केस उचलून क्लिपर फिरवायचा. क्लिपर वरून खाली, केसांच्या दिशेने चालवला तर कापलेलं जरा नैसर्गिक दिसतं. खालून वर चालवला तर पाय थेट गुळगुळीत होतो. पातं तापतं, दर थोड्या वेळाने हाताला लावून बघावं लागतं. टाचेच्या वरचा खोलगट भाग सगळ्यात अवघड. तिथली कातडी मऊ असते आणि घोडा नेमका तेव्हाच पाय हिसकतो. काही घोडे क्लिपरच्या घरघरीलाच इतके बिचकतात की त्यांच्या वरच्या ओठाला दोरीचा फास पिळून धरतात किंवा पशुवैद्याला बोलावून गुंगीचं औषध देतात. बार्नीला यातलं काही लागलं नाही. तो उभा राहिला. मधूनमधून माझ्या खांद्याशी नाक आणून फुरफुरायचा. अडीच तास. खाली पांढऱ्या केसांचा ढीग झाला, न्हाव्याच्या दुकानात रविवारी दुपारी असतो तेवढा.

आणि झाल्यावर तो दिसला कसा? आटलेली पँट घातलेल्या काकांसारखा. वर तेच भरभक्कम धूड आणि खाली चार गुलाबीसर काठ्या. मालकीणबाई खूश होत्या. शोमध्ये तिसरा नंबर आला, पिवळी फीत मिळाली. परीक्षकांनी 'नीटनेटका घोडा' म्हणून मान हलवली. फीत अजून आमच्या फ्रीजवर लावलेली आहे.

पुढचं थोडक्यात सांगते, कारण ते आठवायला मला आवडत नाही. पाय कापल्यावर पांढऱ्या पायावरचा प्रत्येक शिंतोडा दिसायला लागला. आधी पिसांत काय चिखल असायचा तो वाळून आपोआप झडायचा, फार तर दुसऱ्या दिवशी खरारा करताना ब्रशने निघायचा. आता ते 'घाण' दिसायचं. म्हणून रोज संध्याकाळी नळीने पाय धुणं सुरू झालं. धुणारी कधी लेक, कधी मी, कधी यार्डमधली इतर मुलं. यॉर्कशरचा नोव्हेंबर, संध्याकाळी चारला अंधार, पाय धुवून झाल्यावर नीट पुसायला कुणाला वेळ असतो? ओलेच पाय घेऊन घोडा तबेल्यात. सकाळी परत चिखलात.

नोव्हेंबरच्या शेवटी टाचेच्या खोलगटात खपल्या दिसल्या. इथे याला 'मड फीव्हर' म्हणतात. ताप वगैरे काही नसतो, नुसतं नाव. सतत ओली राहून कातडी मऊ पडते, चिरते, आणि मग त्यात जिवाणू शिरतात. डर्माटोफिलस नावाचा एक जिवाणू यातला नेहमीचा गुन्हेगार. पांढऱ्या केसांखालच्या गुलाबी कातडीला हे जास्त होतं. खपल्यांखाली पू झाला. एका सकाळी मागचा डावा पाय खांबासारखा सुजलेला. बार्नी तो टेकवेना. लेक शाळेच्या गणवेशात तिथेच गवताच्या गठ्ठ्यावर बसून रडली.

पशुवैद्य आला. इंजेक्शन, प्रतिजैविकं, जंतुनाशक धुणं आणि मग टॉवेलने टिपून टिपून कोरडं करणं. सहा आठवडे खोगीर बंद. आणि गंमत म्हणजे उपचारासाठी त्याने उरलेसुरले केसही कापले, खपल्यांपर्यंत औषध पोचायला हवं ना. मी त्याला सरळ विचारलं, आम्ही केस कापले म्हणून हे झालं का? त्याने मला हवं तसं 'हो' म्हटलं नाही. म्हणाला, केस असलेल्या घोड्यांनाही होतं, कापलेल्यांनाही होतं. तुम्ही रोज धूत होतात का? पुसत नव्हतात? मग त्यातच बरंचसं उत्तर आहे.

मी यावर बरेच दिवस विचार केला. क्लिपरने बार्नीला आजारी पाडलं असं मी म्हणणार नाही, कारण ते खोटं होईल. पण धुणं कशामुळे सुरू झालं? शिंतोडे दिसायला लागले म्हणून. शिंतोडे का दिसायला लागले? आणि मुळात घोड्याच्या पायावरचा चिखल कुणाला खुपतो? घोड्याला तर नाही. तो संधी मिळाली की त्यातच लोळतो.

माझं भांडण आहे ते त्या 'स्मार्ट' या शब्दाशी.

हा शब्द इंग्लंडमध्ये नुसता 'टापटीप' या अर्थाचा नाही. त्याला वर्गाचा वास आहे. पायाला केस म्हणजे कामाचा घोडा. नांगराचा, कोळशाच्या गाडीचा, दूधवाल्याचा, जिप्सींच्या रंगीत लाकडी घरगाडीचा. बिनकेसांचे बारीक पाय म्हणजे थरोब्रेड, शर्यतीचा, शिकारीचा, साहेबाचा. मग कामाच्या घोड्याला साहेबाच्या रांगेत उभं करायचं तर काय करायचं? पाय तासायचे. इथे शोमध्ये 'शो कॉब' नावाचा एक वर्ग असतो, १४८ ते १५५ सेंटिमीटर उंचीच्या घोड्यांचा. त्यात रीत अशी की आयाळ मुळापासून उडवायची (याला 'हॉग' करणं म्हणतात) आणि पायाचे केस साफ. म्हणजे जाडजूड मालकाला शिकारीला पेलून नेणारा सभ्य गृहस्थी घोडा दिसतो. आणि त्याच मैदानात, दोन दोऱ्यांपलीकडे, 'ट्रॅडिशनल कॉब'चा वर्ग चालू असतो. तिथे तोच घोडा, त्याच ठेवणीचा, पण आयाळ गुडघ्याकडे लोंबणारी आणि पायाची पिसं धुऊन, विंचरून, शुभ्र फुलवलेली. तिथे केसाला कात्री लावली तर परीक्षक नाक मुरडणार. फेल, डेल्स, हायलंड या डोंगराळ तट्टांच्या वर्गांतही केस राखायचे असतात.

म्हणजे बघा. एकच घोडा. इकडे उभा केला तर केस हा दोष, तिकडे उभा केला तर केस हे भूषण. मधे फरक फक्त एका क्लिपरचा. घोड्याच्या तब्येतीचा यात कुठेच संबंध नाही, त्याच्या चालीचा नाही, स्वभावाचा नाही. मालकाला आज कुठल्या रांगेत मिरवायचं आहे, एवढाच प्रश्न.

गेल्या वर्षी जूनमध्ये आम्ही अ‍ॅपलबीच्या घोड्यांच्या बाजाराला गेलो होतो. इंग्लंडच्या उत्तरेला, ईडन नदीच्या काठी भरतो. जिप्सी आणि ट्रॅव्हलर लोकांचा मोठा मेळा. पोरं उघड्या पाठीवर बसून घोडे नदीत घालतात, साबण लावून धुतात आणि मग रस्त्यावरून भरधाव दौडत नेऊन गिऱ्हाइकाला दाखवतात. तिथले कॉब म्हणजे नुसती पिसांची कारंजी. नदीतून बाहेर येताना पायांवरून पाणी असं निथळत होतं की मी कॅमेरा काढायचंच विसरले. तेव्हा प्रथम लक्षात आलं की हे केस खाली टोकाशी निमुळते होऊन खुराच्या मागे संपतात. पाणी त्या टोकावरून गळून जातं, टाचेच्या खोलगटात साचत नाही. वळचणीवरून पाणी पडावं तसं. आम्ही ऑक्टोबरमध्ये बार्नीची ती वळचणच काढून टाकली. राहिले होते ते आखूड खुंट. ते पाणी ओघळू देत नाहीत, धरून ठेवतात.

आता दुसरी बाजूही लिहिते, कारण ती खरी आहे, आणि मालकीणबाईंनी ती मला डिसेंबरमध्ये चांगली सुनावलीसुद्धा. बिनपाण्यानेच!

दाट केसांत किडे होतात. कोरिऑप्टिस नावाचे सूक्ष्म माइट्स. केसाळ पायांचा घोडा रात्रभर तबेल्यात पाय आपटतोय, दाताने स्वतःची पोटरी कुरतडतोय, फाटकाला पाय घासतोय, तर बहुतेक वेळा हेच असतं. मग केस काढल्याशिवाय औषध कातडीला लागत नाही. त्याहून वाईट एक रोग आहे, शायर, क्लाइड्सडेल, बेल्जियन आणि आपल्या बार्नीचे भाऊबंद कॉब यांच्यात दिसणारा. पायातल्या लसिकावाहिन्या नीट काम करत नाहीत, पाय हळूहळू सुजत जातो, कातडी जाड होते, तिला घड्या पडतात, गाठी येतात. बरा होत नाही, सांभाळावा लागतो. आणि केसांमुळे मालकाला वर्षानुवर्षं पत्ताच लागत नाही. शुभ्र पिसांखाली काय चाललंय कुणी बघितलेलं नसतं. अशा घोड्याचे केस काढायलाच हवेत, आणि पुन्हा वाढू न देणं हीच त्याची सेवा. त्याला कुणी 'नैसर्गिक सौंदर्य' वगैरे ऐकवू लागलं तर मी क्लिपरच्या बाजूने उभी राहीन.

पण मग हेही विचारायला हवं की इतके केस आले कुठून? रानटी घोड्याला एवढे कुठे असतात! ते माणसानेच पैदाशीतून आणले. ज्याची पिसं दाट त्याला फीत, त्याच्याकडून पुढची पिलावळ. शायर घोड्यांत एकेकाळी हे इतकं वाढलं की अमेरिकेतल्या शेतकऱ्यांनी हात जोडले. त्यांच्या मक्याच्या शेतातल्या चिखलात हे झालरवाले पाय रोज कोण साफ करणार? त्यांनी फ्रान्समधला, जवळपास बिनकेसाच्या पायांचा पर्शेरॉन पसंत केला. १९३० च्या गणनेत तिथे ३३ हजारांहून अधिक पर्शेरॉन होते. खुद्द इंग्लंडमध्येही, सफोककडच्या चिकणमातीत नांगर ओढणारा सफोक पंच हा घोडा साफ पायांचाच आहे. तिथल्या शेतकऱ्याला मातीचे गोळे लटकणारे पाय नको होते.

यात मला काही खटकत नाही. त्या शेतकऱ्यांनी जमीन बघितली, काम बघितलं आणि त्याला जुळेल असं जनावर पिढ्यान्‌पिढ्या निवडलं. मला खटकतं ते हे की एकीकडे परीक्षकाच्या डोळ्यांसाठी पिसं वाढवत न्यायची, इतकी की खालची कातडी सडावी, आणि दुसरीकडे दुसऱ्या परीक्षकाच्या डोळ्यांसाठी ती थंडीच्या तोंडावर भादरायची. केसाळपणाचे भक्त आणि गुळगुळीतपणाचे भक्त एकमेकांना शिव्या देतात. मला दोघं एकाच बाकावर बसलेले दिसतात. पशुवैद्याने कापायला सांगितलं तर कापा. किडे आहेत, कापा. शो आहे म्हणून? नाही.

'अगं, केसच तर आहेत, परत येतील,' असं मला चार जणांनी सांगितलं, त्यात माझा सख्खा भाऊ एक. खरंय. येतील. पूर्ववत व्हायला वर्षाच्या आसपास लागेल, पण येतील. केसांत जीव नसतो, कापताना दुखत नाही, हेही मान्य. म्हणूनच मी याला क्रौर्य म्हणत नाहीये. पण 'स्मार्ट' या एका शब्दाखाली या देशात घोड्याला काय काय करून झालंय ते जरा बघा. एकेकाळी कॉबची शेपटी हाडासकट तोडायचे. आखूड ठोसर शेपटी म्हणजे डौल! वर कारणही द्यायचे, लगाम शेपटीखाली अडकतो म्हणून. माशा हाकलायला घोड्याने काय करायचं, हा प्रश्न घोड्याचा. ब्रिटनमध्ये ते बंद व्हायला १९४९ चा कायदा यावा लागला. गाडीच्या घोड्याची मान उंच दिसावी म्हणून डोकं वर ताणून बांधायचे, त्याला चढ चढताना मान खाली घालून जोर लावता यायचा नाही. अ‍ॅना स्यूएलने १८७७ साली 'ब्लॅक ब्यूटी' लिहिलं ते बरंचसं याच फॅशनवर संतापून. शेपटी तोडलेला एक म्हातारा घोडाही त्या पुस्तकात आहे. आम्ही ते शाळेत 'गोष्टीचं पुस्तक' म्हणून वाचलं. खरं तर ते अख्खं पुस्तक म्हणजे एक भांडण आहे.

आणि हे सगळं जुन्या काळातलं असं समजू नका. घोड्याच्या ओठांभोवती आणि डोळ्यांभोवती लांब राठ केस असतात, मांजराच्या मिशांसारखे. त्यांच्या मुळाशी संवेदना असते. घोड्याला स्वतःच्या नाकासमोरचं अगदी जवळचं दिसत नाही, तिथे तो या मिशांनी चाचपतो. ते केससुद्धा 'तोंड स्मार्ट दिसावं' म्हणून वर्षानुवर्षं वस्तऱ्याने काढले जात होते. जर्मनीत त्याला आधीच मनाई होती. पण आंतरराष्ट्रीय अश्वक्रीडा महासंघाने स्पर्धांमध्ये बंदी घातली ती थेट १ जुलै २०२१ पासून. तोवर आंधळ्याची काठी काढून घेऊन त्याला इस्त्रीचा शर्ट घालावा असा प्रकार बिनबोभाट चालू होता. करणारे लोक दुष्ट नव्हते हो. घोड्यांवर जीव टाकणारे, पहाटे पाचला उठून शेण काढणारे लोक होते. आमच्या मालकीणबाई तशाच आहेत. सुजलेला पाय बघून त्या रात्री दीड वाजेपर्यंत थंडीत थांबल्या होत्या.

पायाचे केस मिशांइतके मोलाचे नाहीत. शेपटीच्या हाडाइतके तर नाहीतच. पण कारण विचारलं तर उत्तर तिन्हीकडे एकच येतं, चांगलं दिसतं. कुणाला?

आता मामा म्हणतील, गोऱ्यांना नावं ठेवायला इंग्लंडला गेलीस का? तर मामा, तुमच्याकडेही येते. आपल्या सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत तापीकाठी घोड्यांचा बाजार भरतो. लहानपणी तुमच्या सायकलच्या दांड्यावर बसून मी तिथे आले होते. तुम्ही घोड्याचे दात बघितलेत, चाल बघितलीत, आणि मग बराच वेळ अंगावरचे भोवरे बघत बसलात. कंठाजवळ देवमण आहे का, कुठे खोडीचा भोवरा तर नाही ना. एक चांगला तगडा घोडा तुम्ही भोवऱ्यावरून सोडून दिलात. तोही केसांचाच न्याय ना? फक्त तुम्ही वस्तरा लावला नाहीत एवढंच. आणि पोळ्याला बैलाची शिंगं रंगवायची, बेगड लावायची, झूल घालायची, याला माझी काडीची हरकत नाही. दुसऱ्या दिवशी सगळं उतरतं. पण शिंगं साळायला बसलेला माणूस कधी कधी थांबत नाही, आतल्या जिवंत भागापर्यंत जातो, तेही डौलासाठीच. आजोबांच्या वेळी एका बैलाच्या शिंगातून रक्त आलेलं आईने पाहिलंय. तिने परवा फोनवर सांगितलं. मी बार्नीचं सांगत होते आणि तिला एकदम ते आठवलं.

इथवर लिहून मी हे आठवडाभर तसंच ठेवलं होतं, कारण एक गोष्ट लिहावी की नाही ठरत नव्हतं. लेकीला विचारलं. ती म्हणाली लिही, पण माझं नाव घालू नकोस.

शोच्या नंतरच्याच आठवड्यात ती माझ्याकडे येऊन म्हणाली, आई, मला पायांचं वॅक्सिंग करायचंय. वय वर्षं चौदा. शाळेत खेळाच्या तासाला कपडे बदलताना कुणीतरी काहीतरी बोललं होतं. काय ते तिने मला पूर्ण सांगितलं नाही. आपल्या मुलींचे केस काळे, दाट, आणि भोवती सगळ्या सोनेरी लवेच्या. मी स्वतः सतराव्या वर्षापासून हे करते आहे. दर महिन्याला, न चुकता, कुणी विचारलं तर 'स्वच्छ वाटतं' म्हणून सांगते. मला तिथेच पाच आठवड्यांपूर्वीचा तो दोर आठवला. मी जरा भावूक होऊन तिला म्हटलं, अगं, बार्नीच्या पायांवर तुझं प्रेम होतं ना, तसंच... तिने मला मधेच तोडलं. म्हणाली, मी बार्नी नाहीये. मी तुला सांगायला आलेय. तो तुला काय सांगणार होता?

मग दोन मिनिटांनी म्हणाली, त्या दिवशी मला नको होतं. मला वाटलं तुला बाईंसमोर बरं दिसायला हवंय.

तिला पार्लरमध्ये मीच घेऊन गेले. इथली एक गुजराती बाई आहे, छान करते. लेक दोनदा ओरडली आणि बाहेर येऊन आइस्क्रीम खाल्लं. मी यातून तिला काही शिकवू शकले असं मला वाटत नाही, आणि माझं मी काय शिकले तेही अजून धड सांगता येणार नाही. असो.

बार्नी आता बरा आहे. जानेवारीच्या मध्यापासून हळूहळू चालवायला सुरुवात केली, मैदानात नाही, रस्त्यावर, कोरड्यात. पाय धुणं पूर्ण बंद. चिखल वाळू द्यायचा आणि सकाळी ब्रशने काढायचा, जसं आधी होतं तसं. यार्डच्या फळ्यावर त्याच्या नावापुढे लेकीने मोठ्या अक्षरात लिहून ठेवलंय की पायाला कात्री लावायची नाही, पशुवैद्य सोडून कुणीही. मालकीणबाईंनी ते वाचलं, काही बोलल्या नाहीत, पुसलंही नाही. मार्चमध्ये पुन्हा एक शो आहे, त्याचा फॉर्म त्यांनी आमच्या कपाटात ठेवलाय, वर्गाचा रकाना कोरा ठेवून. पिसं तोवर कुठल्याच वर्गाला पुरेशी होणार नाहीत. ट्रॅडिशनलला आखूड, शो कॉबला जास्त. आज सकाळी मोजली तर मागच्या डाव्या पायाला जेमतेम चार बोटं, आणि जिथे खपल्या होत्या तिथे अजून नुसतीच लव आहे.